बिनमिठाचा जवळा

जयवंतीच्या तोंडाला कुलूप नाही, हे तारापूरच्या खाडीपासून बोईसरच्या मासळीबाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारीण शिळे बोंबील ताजे म्हणून विकायला लागली, तर ही गिऱ्हाईकासमोरच तिचं नाव घेऊन सांगायची. लग्नाच्या पंगतीत भात कच्चा राहिला, तर पहिला आवाज हिचा. नवरा आत्माराम जिवंत होता तेव्हा म्हणायचा, हिच्या पोटात एखादी गोष्ट अर्धा तास राहिली तर हिला अजीर्ण होतं. अशा बाईच्या पोटात एक गोष्ट अकरा दिवस राहिली. आणि गोष्ट तरी केवढी, तर तीन शब्दांची. जवळ्याला मीठ लावलंय, एवढंच सांगायचं होतं.

तिचा मुलगा ललित नऊ वर्षं तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ॲसिडच्या टाक्यांवर होता. मग त्याला खोकला लागला, आणि एक दिवस खोकल्याबरोबर रक्त आलं. पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि स्वच्छ सांगितलं, की पुन्हा त्या कामावर गेलास तर माझ्याकडे येऊ नकोस, उपयोग होणार नाही. ललितने नोकरी सोडली. बेटेगावात धर्माजींच्या चिकूच्या वाडीत एक जुनी शेड रिकामी होती, ती भाड्याने घेतली आणि ब्रॉयलर कोंबड्या पाळायला लागला.

पहिल्या दोन बॅचेस त्याने विकतच्या तयार खाद्यावर काढल्या. खाद्यात एक पांढरी पावडर घालायची असे. पस्तीस दिवसांत पक्षी दोन किलोंचा व्हायचा, पण त्याचे पाय त्याला पेलायचे नाहीत. सगळी शेड छाती टेकून बसलेली असायची. त्याच वर्षी आत्मारामच्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेला. कोळ्याच्या पायात काटा जायचाच, त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण पाय सुजला, काळा पडला, इस्पितळात तीन वेळा औषध बदललं, एकही लागू पडलं नाही. तिथली डॉक्टर म्हणाली, जंतू आता या औषधांना भीक घालत नाहीत, माणसं ती वाटेल तशी खातात आणि जनावरांनाही चारतात. बाप गेल्यावर ललितने इस्पितळाचा कागद आणि शेडमधलं पावडरीचं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. एका औषधाचं नाव दोन्हीकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेली पावडर खड्ड्यात पुरली.

तिसरी बॅच औषधाविना काढायची, असं त्याने ठरवलं. बोईसरला चिकनचं दुकान असलेला मेहुल म्हणाला, औषध न घातलेली कोंबडी नेहमी मिळणार असेल तर सगळी मीच उचलतो, पण आधी एक बॅच नीट काढून दाखव. तिकडे कंपनीचा सुपरवायझर सारखा निरोप धाडत होता, की तुझी जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवतो. म्हणजे बाराशे पिल्लं धड वाढली तर ललित वाचला, नाहीतर पुन्हा टाक्यांवर. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण तिघांनाही पाठ होतं.

खाद्य कसं करायचं ते पालघरच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर ज्ञानेश्वरीबाईंनी लिहून दिलं. मका, सोयाबीनची पेंड, खनिजांची पूड, शंभर किलोला तीनशे ग्रॅम मीठ आणि दहा किलो सुकी मासळी. सून चारुता त्यात लसूण ठेचून घाली, हळद घाली, दुपारी पाण्यातून ताक देई. मासळीची पूड बाजारातून आणायचं ललितने नाव काढलं, तेव्हा जयवंती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माजा जवला आसताना बाजारची माती कशाला घालतंस? खल्यात वालवलेला, कडक उनाचा. मिठाचा कन नाय त्यात. जवल्याला मीठ लावनारी बाय आलशी, मी सांगते तुला."

तिचं खरं होतं. बारीक गुलाबी जवळा सारवलेल्या खळ्यात पातळ पसरायचा, दिवसातून चार वेळा उलटायचा, दोन उन्हांत तो कुरकुरीत होतो. मीठ लागतं ते ज्यांना उलटायचा कंटाळा त्यांना. हे ती इतक्या जणींना इतक्या वेळा ऐकवून बसली होती, की तिचा जवळा म्हणजे बिनमिठाचा, हे सगळ्या बाजाराला कळलं होतं.

एकविसाव्या दिवशी पिल्लांचं वजन केलं. साडेसातशे ग्रॅम भरलं. पावडरीवरची याहून भारी भरायची, पण ही पळत होती. मेहुल बघायला आला तर एकाने त्याच्या हातावर नखं उमटवली, आणि हात चोळत तो म्हणाला, "ही कोंबडी आहे बाबा. मागची नुसती उशी होती." ललित हसला. खोकला न येता तो पुरता हसला, हे जयवंतीने पाहिलं. त्या संध्याकाळी तिने खाडीवरच्या देवीला नारळ बोलला.

दिवाळी होऊन चार दिवस झाले आणि आभाळ भरून आलं. दुसऱ्या खेपेचा जवळा खळ्यात अर्धवट सुकलेला होता. तिने पळत जाऊन ताडपत्री घातली. पाऊस रात्रभर पडला, दुसऱ्या दिवशीही ऊन नाही. ताडपत्री उचलली तर वास बदलायला लागला होता. शहाण्या बाईने काय केलं असतं? फेकून दिला असता. पण मासळी फेकणं कोळणीच्या हातांना येत नाही. ते हात काय करायचं हे तिला विचारत बसले नाहीत. तिच्या आईने, आजीने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. जाडं मीठ घेतलं, मूठ मूठ करत पाटीमागे दोन किलो चोळलं. मग घरात पंख्याखाली पसरला, पुढच्या दोन उन्हांत बाहेर काढला. जवळा वाचला. रंगही राहिला. शनिवारी तिने चार गोणी भरून रिक्षात घातल्या आणि बेटेगावला पोचवल्या.

मीठ लावल्याचं ती विसरली होती, असं म्हणता येणार नाही. सांगायला हवं असं तिला वाटलं नाही. मीठ म्हणजे काय विष आहे? ललित स्वतः घालतोच की खाद्यात. आणि खरं बोलायचं तर, जवळ्याला मीठ लावणारी बाई आळशी, हे सुनेसमोर आपल्याच तोंडाने स्वतःला म्हणून घ्यायला जीभ वळली नाही.

रविवारी चारुताने आठवड्याचं खाद्य कालवलं. मंगळवारी जयवंती शेडवर गेली. पक्षी खायच्या भांड्यांजवळ नव्हते, सगळे पाण्याच्या भांड्यांना लागले होते. एकमेकांच्या अंगावर चढून पीत होते. खालचा तूस ओला चिकचिकीत झाला होता.

"ऊन वाढलाय," ललित म्हणाला. "सारका पानी पितात."

जयवंतीने खाद्याची चिमूट उचलून जिभेवर ठेवली. चाळीस वर्षं ती मासळी अशीच तपासत आली होती, डोळ्यांवर तिचा कधी विश्वास नव्हता. जिभेला चटका बसावा तसं मीठ लागलं. ती काही न बोलता शेडच्या मागे गेली. जवळ्याची एक गोण अजून उरली होती. ती तिने ओढत नेली आणि वाडीच्या टोकाच्या ओढ्यात रिकामी केली. पण बाकीच्या तीन गोणी खाद्यात कालवून झाल्या होत्या, आणि ते खाद्य सगळ्या भांड्यांतून वाढलेलं होतं.

परत आली तर चारुता ताकाची बादली घेऊन उभी. "आई, तुमच्या जवल्यावर नुसती तुटून पडलीत काल," ती कौतुकाने म्हणाली.

तेव्हाच बोलायचं. सुनेच्या हातातली बादली खाली ठेवायला लावायची आणि सांगायचं, की बाई गं, हे खाद्य उचल, पाणी भरपूर ठेव. मका आणून दुपारपर्यंत सगळं निस्तरलं असतं. पण जयवंतीने स्वतःला समजावलं, मीठच तर आहे, पाणी पितील, धुऊन निघेल, दोन दिवसांचा प्रश्न. भर बाजारात दहा जणींची अब्रू काढणारी बाई स्वतःच्या मुलासमोर गप्प राहिली, याचा मला तरी संताप येतो.

बुधवारी सकाळी तीस पक्षी मेलेले होते.

डॉक्टर ज्ञानेश्वरीबाईंची कोळगावला बैठक होती. ती सोडून त्या स्कूटीवरून आल्या. उलट्या क्रेटवर त्यांनी दोन पक्षी फाडले. पोटातून पाणी वाहिलं. मूत्रपिंडं सुजलेली होती. त्यांनी हातमोजे काढता काढता विचारलं, "खाद्यात मीठ किती घातलं?"

"तुमी लिवून दिला तेवढाच. मीच पुड्या बांधून ठेवतो, तीनशे तीनशे ग्रॅमच्या."

"आणि मासळी? खारवलेली तर नाही ना?"

"नाय हो. आईचा जवला हाय. ती मीठ लावतच नाय. आख्ख्या बाजारात इचारा." ललित हे सांगताना जरा ताठ उभा राहिला होता.

डॉक्टरबाई जयवंतीकडे वळल्या. "बिनमिठाचाच ना, आजी?"

जयवंतीने हो म्हणून मान हलवली. बोलावं लागलं असतं तर कदाचित जीभ अडखळली असती. मान मात्र सहज हलली.

मग उरलं पाणी. धर्माजी म्हणाले, उन्हाळ्यात आपल्या बोअरला पिवळट पाणी येत होतं, कारखान्यांचं काय काय मुरतं जमिनीत, कुणाला ठाऊक. हे कुणालाही पटण्यासारखं होतं, इथे तर कपड्यावर डाग पडला तरी माणूस आधी पाण्याला शिव्या देतो. डॉक्टरबाईंनी बाटलीत पाणी घेतलं, पिशवीत खाद्य घेतलं आणि सांगितलं, "अहवाल येईपर्यंत बोअरचं पाणी देऊ नका. चांगलं पाणी आणा, पण कमी पडू देऊ नका."

ललितने बोअरचा कॉक बंद केला. टँकरवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, उद्या दहाला. घरून दोन कॅन आले. बाराशे पक्ष्यांना दोन कॅन म्हणजे चोच ओली करायलाही पुरेनात. दुपारपर्यंत भांडी कोरडी पडली. पक्षी त्या कोरड्या भांड्यांवर टोचा मारत होते. तो आवाज शेडच्या बाहेर, चिकूच्या झाडांखालीही ऐकू येत होता. जयवंती तिथेच बसली होती.

उन्हात ललितचा डोळा लागला तसा तिने बोअरचा कॉक हलकेच उघडून कळशी भरली आणि शेडमध्ये शिरली. पहिल्याच भांड्यात ओतते तोच मागून हात आला आणि कळशी हिसकली गेली.

"आये! जहर घालतंस काय त्यांना?"

"तान लागलेय रं. तानेनं मरतील."

"तानेनं नाय मरत. या पान्यानं मरतात!" त्याने कळशी बाहेर जमिनीवर ओतून दिली. ओरडल्याने त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो दाराच्या खांबाला धरून वाकला. जयवंती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ओठांवर आलेली गोष्ट तिने याही वेळी गिळली. आता सांगितलं तर सकाळची हललेली मानही सांगावी लागणार होती.

गुरुवारी दहाला टँकर आला. चारुताने आणि ललितने धावत धावत भांडी भरली. पक्षी थरावर थर चढून पाण्यावर पडले, पोट फुगेस्तोवर प्यायले, आणि प्यायले तिथेच पाय ताणून आडवे झाले. संध्याकाळी मोजले तर चारशे. शुक्रवारी आणखी. जे उरले त्यांचे पाय लुळे पडले होते.

धर्माजींनी वाडीच्या कडेला खड्डा खणून दिला. मेलेले पक्षी पुरताना वर चुना आणि मीठ टाकतात, म्हणून त्यांनी दोन्हीची पोती आणली. "तुमी मीठ टाका, वैनी," ते म्हणाले. जयवंतीने पोत्यात हात घातला आणि तसाच राहू दिला. तिला मूठ वळता येईना. शेवटी चारुताने पोतं तिच्याकडून घेतलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारीचं मन हळवं आहे.

मेहुलने फोनवर फार काही विचारलं नाही. उरलेले पक्षी नकोत, एवढं म्हणाला. तेही पुढच्या चार दिवसांत गेले.

अहवाल पुढच्या आठवड्यात शनिवारी आला. डॉक्टरबाई स्वतः घेऊन आल्या. शेड रिकामी होती आणि ललित पाण्याची भांडी घासून उन्हात मांडत होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे. त्यात काही सापडलं नाही. पण खाद्यात शंभर किलोला सव्वादोन किलोंच्या वर मीठ आहे. पाणी तोडलं नसतं तर निम्मे तरी वाचले असते. माझाच अंदाज चुकला, ललित." त्यांनी कागद त्याच्या हातात दिला आणि त्या खाली मान घालून निघून गेल्या.

ललितने कागद दोनदा वाचला. मग तो चारुताकडे वळला.

"किती पुड्या घातल्यास?"

"शंबर किलोला येक. तुमी सांगितली तशीच."

"मंग सव्वादोन किलो आभालातून पडला? फोनवर बोलत बोलत कालवलंस तू. तुज्या आयशीचा फोन चालू होता, मी बगितलाय. माजा जीव जायची पाली आली आनि तुला गप्पा सुचत होत्या?"

चारुता आधी भांडली. पुड्या मोजून दाखवते म्हणाली, उरलेल्या आणायला उठलीही. मग मध्येच थांबली. तिचा चेहरा बदलला. "झाला आसंल," ती पुटपुटली. "माज्याच हातून झाला आसंल. मला आता काय आठवत नाय." आणि ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत रडायला लागली.

हे मात्र जयवंतीला सोसलं नाही.

"तिचा काय नाय त्यात," ती म्हणाली. "जवल्याला मीठ होता. मी लावला."

ललितने मान वर केली. "तू?"

"पाऊस आला. वास माराया लागला होता. टाकवला नाय माज्यानं."

तो भांड्यांच्या मध्येच जमिनीवर बसला. जयवंतीला वाटलं, आता हा ओरडेल, आणि तिला ते हवं होतं. पण त्याचा आवाज उलट मऊ झाला. "आगो आये," तो म्हणाला, "मीठ लावलंस तं लावलंस. मासली कुजताना तुला बगवनार नाय, मला म्हाईत हाय. मीच आदी चाखून बगायला पायजे होता." त्याने चारुताकडे पाहिलं, ओशाळून नजर खाली घेतली. मग जरा थांबून, सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "तुला कवा समजला?"

उत्तर तयार होतं. आता, डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा, असं म्हणायचं होतं. कुणाला कळलं नसतं. ललितनेच तर तिच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. पण अकरा दिवस गप्प बसून ती थकली होती, आणि समोर सून अजून आपले हात बघत होती.

"मंगलवारी," जयवंती म्हणाली.

ललितने हातातल्या कागदाची घडी घातली. मग त्याने एकेक करून विचारलं.

"डाक्टरीन बाय बुदवारी आली."

"हां."

"तिनं तुला इचारला."

"हां."

"मी कॉक बंद केला तवा तू हितंच होतीस."

"चिकूखाली होते."

"आनि ती कलशी..." तो म्हणाला.  तो उठला, उन्हात मांडलेली भांडी एकेक करून उचलली, एकात एक घालून शेडमध्ये नेऊन ठेवली आणि दाराला कडी लावली. जयवंतीकडे त्याने पाहिलं नाही. चारुताही मग त्याच्यामागे निघाली.

त्यानंतर तो वाईट वागला असं नाही. एका शब्दानेही तो तिला टाकून बोलला नाही. एक तारखेला त्याने कंपनीचा जुना गणवेश काढला आणि नाक्यावर जाऊन पहिल्या पाळीच्या बसची वाट बघत उभा राहिला. जाताना "येतो आये" म्हणाला. बाजारात बाया जयवंतीला विचारायच्या, आजकाल बोलत का नाहीस, तब्येत बरी नाही का. ती म्हणायची, बरी हाय. तिच्या शेजारी शिळे बोंबील ताजे म्हणून विकले जात होते.

महिन्याभराने ती अंगणात त्याचा गणवेश धूत होती. खिसा उलटा केला तर रुमाल निघाला, घट्ट चुरगाळून आत कोंबलेला. तिने तो पाण्यात उलगडला. मध्ये रुपयाएवढा तांबडा डाग होता.

ललित ओट्यावर बसून बूट घालत होता. ओला रुमाल हातात धरून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खोकल्यातून रगत येतंय?" तिने विचारलं. "खरा सांग मला."

ललितने तिच्याकडे पाहिलं.  त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.